अवधानांक

माणूस घरी बसून अधिक काम करतो, हे उरुग्वेच्या फेरपडताळणी संचालनालयाने शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलेलं आहे. पद्धत अशी होती की, संचालनालयाने घरी बसलेल्या आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना 'तुम्ही घरी बसून अधिक काम करता काय?' असा लेखी प्रश्न विचारला आणि सर्वांनी 'होय' असं उत्तर पाठवलं. काहींनी तर प्रश्न पोचण्याआधीच पाठवलं.

आदेमार फागुंदेस याने हे उत्तर अंथरुणातून दिलं होतं. त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही, कारण कार्यालयाची वेळ सुरू झाली होती आणि तो वेळेवर हजर होता.

संचालनालयाचं काम नाजूक होतं. देशातल्या इतर कचेऱ्या कागद पडताळून पाहत. ती पडताळणी झाली आहे की नाही, हे फेरपडताळणी संचालनालय पाही. मूळ कागदात काय लिहिलं आहे ते पाहण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि तशी कुणाची इच्छाही नव्हती. पूर्वी हे काम मोंतेविदेओच्या बंदराजवळ, गोदामाच्या वरच्या मजल्यावर चाले. साथीच्या काळात सगळ्यांना 'तात्पुरतं' घरी पाठवलं. साथ गेली, तात्पुरतं राहिलं.

तात्पुरतेपण म्हणजे काय हे आदेमारइतकं कुणालाच कळत नव्हतं. तो स्वतः दहा वर्षांहून अधिक काळ तात्पुरता होता. दर डिसेंबरात उन्हाळा लागला, लोक समुद्राकडे पळू लागले, की त्याचं कंत्राट आणखी एका वर्षाने वाढे. आणि त्या देशात तात्पुरत्या माणसाला भाड्याने घर मिळत नाही. घरमालक जामीन मागतो. कायम नोकराला सरकार जामीन राहतं. तात्पुरत्याला राहत नाही, कारण तो कसा आहे हे सरकारला आतून माहीत असतं. त्यामुळे आदेमार आणि त्याची बायको मिर्ता लग्न झाल्यापासून शहराच्या पासो मोलीनो वस्तीत, मिर्ताच्या आईच्या घरी राहत होती. मिर्ता औषधांच्या दुकानात नोकरीला. ती सकाळी जाई ती संध्याकाळी येई. मधला सबंध दिवस घरात दोघंच असत, आदेमार आणि त्याची सासू डोन्या कोका; तिकडे मान द्यायचा तर बाईला 'डोन्या' म्हणतात, पुरुषाला 'डॉन'. आदेमारचं कार्यालय म्हणजे सासूचं जेवणाचं मेज. त्याच्या उजव्या हाताला सासऱ्यांचा फोटो होता, डाव्या हाताला चिनी मातीची कुत्री होती, आणि पाठीमागे आरामखुर्चीत डोन्या कोका होत्या. यांपैकी फक्त फोटो आणि कुत्री गप्प असत.

त्याचा दिवस शिस्तीत जाई. सकाळी संगणक लावायचा. बगलेत थर्मास धरून तुंब्यातल्या येर्बाच्या वाळक्या पाल्यावर गरम पाणी ओतायचं आणि तो कडूजहर काढा नळीने ओढत कालच्या फुटबॉल सामन्याचा वृत्तान्त वाचायचा. मग विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांनी त्याखाली काय लिहिलंय ते वाचायचं. मग ते कसे मूर्ख आहेत हे त्यांना कळवायचं. मग चित्रफितींत पाणडुकरं आंघोळ करताना पाहायची. त्यानंतर दिवसाचं मुख्य काम, म्हणजे भाड्याची घरं. दोन खोल्या, एक सज्जा, आणि सासुरवाडीपासून बसने किमान तासभर. कुठल्या घराच्या मोरीला ओल आहे, कुठल्या जाहिरातीत कॅमेरा जमिनीवर ठेवून छत उंच दाखवलंय, हे तो आता नुसतं पाहून सांगू शके. मधल्या वेळात फायलीही उघडल्या जात. बहुतेक त्या उघड्याच राहत.

"जावईबापू," पाठीमागून डोन्या कोका म्हणायच्या, "सरकारला एवढी घरं कशाला लागतात?"

"पडताळणी चाललीय, डोन्या कोका."

"न्हाणीघराच्या फरशांचीसुद्धा?"

"फरशांची विशेषतः."

"तुझे सासरे रेल्वेत होते. तीस वर्षं. त्यांनी घरी कधी इंजिन आणलं नाही."

हे असंच चालू राहिलं असतं. पण एकदा मंत्रालयातले एक उपसचिव दूरस्थ बैठकीत झोपले. बैठकीत झोपणं हा गुन्हा नव्हे. पण हे अध्यक्षस्थानी होते, त्यामुळे ते उठेपर्यंत बैठक संपवण्याचा अधिकार कुणाला नव्हता आणि ती रात्रीपर्यंत चालली. त्यावर वृत्तपत्रांत अग्रलेख आले. घरी बसलेले नोकर करतात काय, असा प्रश्न देशाने विचारला. बहुतेकांनी तो आपापल्या कार्यालयाच्या संगणकावरून विचारला. मंत्रालयाने तातडीने फिनलंडहून एक तज्ज्ञ मागवला.

तज्ज्ञाचं नाव ओस्कारी. त्याच्या चेहऱ्यावर कोणताही भाव कधीही नसे. त्याने स्वतः तयार केलेली प्रणाली संचालनालयात बसवली. मराठीत तिला 'अवधान' म्हणू. ही प्रणाली कॅमेऱ्यातून कर्मचाऱ्याचा चेहरा दिवसभर पाही आणि तो कामात किती गुंतला आहे, हे चेहऱ्याच्या हालचालींवरून ठरवून शंभरपैकी गुण देई. त्याला 'अवधानांक' म्हणत. कॅमेरा कायम चालू राहावा म्हणून संचालनालयाने एक अखंड बैठक जाहीर केली. ती सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी संपे. तिला विषय नव्हता. कुणी बोलायचं नव्हतं. फक्त सर्वांचे चेहरे छोट्या छोट्या चौकोनांत एकमेकांसमोर दिवसभर मांडून ठेवलेले असत.

शिवाय वेळ वाया घालवणारी संकेतस्थळं बंद करण्यात आली. ही यादी ओस्कारीने येताना बरोबर आणली होती आणि ती कडक होती. त्या दिवसापासून संचालनालयातल्या एकाही माणसाला कार्यालयीन वेळेत आइस हॉकी पाहता आली नाही. स्कीइंग बंद, रेनडियरच्या शर्यती बंद, सॉना बांधून देणारे सगळे ठेकेदार बंद.

सोबत संचालक डॉन बाल्तासार यांचं परिपत्रक आलं. 'वर्षाअखेर एक पद कायम करण्यात येईल. निवड अवधानांक व मुलाखत यांवरून होईल. ज्यांचा अवधानांक असमाधानकारक असेल त्यांचं कंत्राट वाढवलं जाणार नाही, याची नोंद घेऊन सर्वांनी निश्चिंत मनाने काम करावं.'

आदेमारने हे परिपत्रक मिर्ताला वाचून दाखवलं. मिर्ता म्हणाली, "एक वर्ष मन लावून काम कर. फार नाही, एकच वर्ष. मग आपलं घर." स्वयंपाकघरातून डोन्या कोका म्हणाल्या, "मला ऐकू येतंय हं." यामुळे आदेमारचा निश्चय अधिकच दृढ झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खरोखर काम केलं. फुटबॉल नाही, पाणडुकरं नाहीत, घरं नाहीत. आपल्या नावावर तुंबलेल्या जुन्या फायली त्याने एकेक करून काढल्या आणि वाचल्या. काही तर रंजक निघाल्या. आठवडा संपला तेव्हा त्याच्या पाठीला रग लागली होती, डोळे लाल झाले होते आणि अवधानांक अकरा आला होता. पुढे शेरा होता: 'बहुतांश काळ अनुपस्थित.'

त्याने विल्मारला फोन लावला. विल्मार त्याच्याच विभागातला, झुबकेदार मिशांचा, गोल टकलाचा. तो वीस वर्षांपूर्वीच कायम झालेला होता आणि तेव्हापासून त्याची तब्येत सुधारत गेली होती.

"अकरा?" विल्मार म्हणाला. "अकरा पडतात कसे रे? खुर्चीला कोट अडकवून गेलास तर पंधरा मिळतात."

"मी फायली वाचत होतो."

"असले धंदे करायचेच कशाला? वाचणाऱ्याचं तोंड कधी पाहिलंयस? मढ्यासारखं असतं. आपल्या नीबियाला बघ. बाई दिवसभर मान खाली घालून कामात. तिला नऊ आहेत."

"तुला किती?"

"ब्याण्णव."

"काय करतोस काय तू?"

"त्रुको खेळतो," विल्मार म्हणाला. "दुसरं काय."

त्रुको म्हणजे त्या देशातला पत्त्यांचा खेळ. दोन विरुद्ध दोन, प्रत्येकाला तीन पानं. तो कुणी शिकत नाही. आजोबांच्या मांडीवर बसल्या बसल्या तो अंगात येतो. प्रतिस्पर्ध्याशी या खेळात बिनदिक्कत खोटं बोलता येतं. नव्हे, बोलावंच लागतं. पण जोडीदाराला आपली पानं कळवायची असतात ती चेहऱ्याने. हुकमाची दुर्री आली की भुवया वर. चव्वी आली की ओठांचा चंबू. पंजी आली की नाक आकसायचं. तिकडच्या पत्त्यांत राणीऐवजी घोडा असतो; तो आला की उजवा डोळा मारायचा, गुलाम आला की डावा. या खुणा समोरच्याने पकडल्या तर ते त्याचं कसब. मात्र खोटी खूण करायची नाही. त्या देशात माणसं निवडणुकीत, लग्नात आणि आयकरात खोटं बोलताना आढळली आहेत. खोटी खूण करताना सहसा नाही.

संगणकावरच्या त्रुकोत एकच खोट होती. जोडीदार आपल्या घरी बसलेला, त्याचं तोंड दिसणार कसं? ही अडचण सरकारने स्वखर्चाने दूर केली होती. एका खिडकीत पत्ते, दुसऱ्या खिडकीत अखंड बैठक. ओस्कारीच्या यादीत त्रुकोचं नाव नव्हतं. फिनलंडमध्ये तो कुणी खेळत नाही.

"माझा जोडीदार कालच निवृत्त झाला," विल्मार म्हणाला. "बस माझ्यासमोर. तुझं पद पक्कं करतो."

पहिल्या दिवशी आदेमारचा अवधानांक चाळीस झाला, आठवड्याने ऐंशीवर गेला. यात जादू नव्हती. अवधान ज्या देशात घडलं तिथे माणसाने भुवई उचलली तर शेजारी चौकशीला येतात. तिथल्या मापाने आदेमार दिवसभर भावनेच्या पुरात वाहत होता. ओस्कारीने आपल्या मासिक अहवालात त्याच्यावर एक परिच्छेद खर्ची घातला. 'सदर कर्मचारी शासकीय कामाशी अंतःकरणापासून जोडला गेल्याचे आढळते. तो दिवसातून अनेकदा सहकाऱ्याकडे पाहून ओठांचा चंबू करतो. इतकी संघभावना आमच्या देशात विवाहितांतही दिसत नाही.'

डोन्या कोकांनी हे दृश्य पाठीमागून पाहिलं तेव्हा प्रथम त्यांचा वेगळाच समज झाला.

"कोण आहे ती सटवी?" त्यांनी विचारलं.

"विल्मार आहे, डोन्या कोका."

त्यांनी चष्मा लावला, वाकून पडद्यावरच्या मिशा पाहिल्या आणि शांत झाल्या. "असं होय. चव्वी आली का?" मग त्यांनी आपली आरामखुर्ची कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने पुढे ओढली. "घोडा ठेव मागे. आधी सत्ती टाक. मी सांगते ना. तुझे सासरे असेच घाईत हरायचे."

त्या दिवसापासून सासू-जावयाचे संबंध सुधारले. घरात पहिल्यांदाच त्यांना बोलायला विषय मिळाला होता. अर्थात घर सोडण्याचा विचार आदेमारने सोडला नव्हता. उलट आता त्याला त्यासाठी अधिक जोमाने खेळावं लागत होतं.

एका दुपारी डाव रंगात आला होता. समोर नेहमीची जोडी होती. संकेतस्थळावर नावं टोपण असतात; त्यांतल्या एकाचं नाव 'बंदरावरचा वाघ' होतं. आदेमारच्या हातात फुटकळ पानं होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात डोन्या कोकांचं आटवायला ठेवलेलं साखरेचं दूध करपलं. वास आला, आदेमारचं नाक आकसलं. विल्मारने ते पाहिलं, पंजी आली असं समजून बोली वाढवली. समोरच्या वाघाने क्षणभर विचार केला आणि पानं टाकून दिली. हात फुकट जिंकला.

पाचच मिनिटांत आदेमारला संचालकांचा खाजगी फोन आला. डॉन बाल्तासार कर्मचाऱ्यांना सहसा फोन करत नसत. केलाच तर तो शेवटचा असे. दोन खोल्या, सज्ज्यासकट, त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या.

"फागुंदेस, आत्ता तुम्ही नाक आकसलंत."

"होय, डॉन बाल्तासार."

"पंजी होती?"

आदेमारला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय, साहेब?"

"हुकमाची पंजी. होती की नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे तुम्ही खोटी खूण केलीत."

"दूध करपलं, साहेब. देवाशपथ. सासूबाईंनी दूध ठेवलं होतं." मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "पण डॉन बाल्तासार, बंदरावरचा वाघ म्हणजे... तुम्ही आमच्या खुणा पाहत होतात?"

"अखंड बैठकीचा मी अध्यक्ष आहे, फागुंदेस. सर्वांचे चेहरे पाहणं हे माझं कर्तव्यच आहे." संचालकांचा आवाज किंचित मऊ झाला. "दूध होतं म्हणता, तर या वेळी सोडून देतो. यापुढे कार्यालयीन वेळेत घरात काही करपणार नाही याची दक्षता घ्या. कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय, साहेब."

"मग."

फोन बंद झाला. त्या दिवसापासून डोन्या कोकांनी दूध रविवारी आटवायला सुरुवात केली.

संचालनालयाचा सरासरी अवधानांक देशात पहिला आला. मंत्र्यांनी अभिनंदन केलं आणि अवधान इतर खात्यांतही बसवण्यात आलं. दोन महिन्यांत मत्स्य खात्यातली माणसं भुवया उचलू लागली. हवामान खात्यातली डोळे मारू लागली. खात्याखात्यांत समन्वय असावा म्हणून सर्व अखंड बैठका एकत्र जोडण्यात आल्या, आणि मग तर आंतरखातीय सामनेच सुरू झाले. असा समन्वय देशाच्या इतिहासात पूर्वी कधी झाला नव्हता. जी खाती एकमेकांच्या पत्राला वर्ष वर्ष उत्तर देत नसत, त्यांतले अधिकारी आता एकमेकांच्या पापणीकडे श्वास रोखून पाहत होते. ओस्कारीने युरोपात एक निबंध वाचला: 'दक्षिणेकडील नोकरशाहीचे भावनिक ऐश्वर्य.' निबंध वाचत असताना त्याचा स्वतःचा अवधानांक शून्य होता; पण तज्ज्ञांना नियमातून सूट होती.

मागे राहिली ती एकटी नीबिया. ती मूळची ब्राझीलच्या सीमेवरच्या गावातली, आदेमारपेक्षा दोन वर्षं जुनी, तात्पुरतीच. कायम पदावर खरा हक्क कुणाचा असेल तर तिचा, हे सगळे खाजगीत मान्य करत. तिचा चेहरा दिवसभर पडद्याच्या खालच्या कडेकडे स्थिर असे. तिचा अवधानांक नऊवरून सातवर आला. संचालनालय निर्दय नव्हतं. तिला सुधारण्याची संधी म्हणून 'अवधान संवर्धन वर्गा'ला बसवण्यात आलं. तिथे कार्निव्हलात तोंड रंगवून गाणारा एक कलावंत रोज सकाळी तिला भुवया उचलायला शिकवी.

आदेमारला तिच्याबद्दल वाईट वाटलं. एकदा डाव चालू असताना वाटलं. मग त्याला दुर्री आली.

डिसेंबरात मुलाखत झाली. मंडळावर तिघं होते. मनुष्यबळ खात्याच्या डोन्या ओफेलिया अध्यक्ष होत्या. केसांचा घट्ट अंबाडा, मान ताठ. त्यांच्या शेजारच्या चौकोनात डॉन बाल्तासार, आणि त्याखाली ओस्कारी. कोपऱ्यात अवधानांकाची हिरवी पट्टी वरखाली होत होती. आदेमारने इस्त्रीचा सदरा घातला होता. मिर्ता रजा काढून दाराआड उभी होती. डोन्या कोकांनी स्वयंपाकघरातली प्रत्येक चूल बंद केली होती.

"फागुंदेस," डोन्या ओफेलियांनी विचारलं, "एवढंच सांगा. तुम्ही नेमकं काम काय करता?"

हा प्रश्न आदेमारला एवढ्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने तो पहिल्यांदाच ऐकला आणि त्याचं खरं उत्तर शोधू लागला. इतर लोक पडताळतात. ते आम्ही पडताळतो. कशासाठी? तो विचारात बुडाला. चेहरा निश्चल झाला. हिरवी पट्टी पिवळी झाली, मग तांबडी. 'अनुपस्थित' अशी अक्षरं लुकलुकू लागली. ओस्कारीने मान किंचित तिरकी केली. दाराआडून मिर्ताने दोन्ही हातांनी कपाळावर मारून घेतलं.

आदेमार घाबरला. त्याच्या हातात पानं नव्हती, समोर विल्मार नव्हता, पण तोंडाला वर्षभराची सवय होती. त्याने भुवया उचलल्या. पट्टी हलली. ओठांचा चंबू केला. पट्टी पिवळी झाली. नाक आकसलं. हिरवी. धीर येऊन त्याने उजवा डोळाही मारला, आणि पट्टी टोकाला जाऊन थांबली.

डॉन बाल्तासार खाली पाहत होते.

डोन्या ओफेलियांनी चष्मा काढून पुसला. "फागुंदेस," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पानं तीन असतात हो."

आदेमारने मनात मोजलं. दुर्री, चव्वी, पंजी, घोडा. चार झाली होती.

"शंभर," ओस्कारी म्हणाला. "आजवर हा आकडा कुठेच आलेला नाही." आणि त्याची डावी भुवई तांदळाच्या दाण्याएवढी वर गेली.

मंडळापुढे पेच होता. यंत्राच्या मते असा कर्मचारी पृथ्वीवर दुसरा नव्हता. मंडळाच्या मते तो खोटारडा होता. डोन्या ओफेलियांनी स्वच्छ सांगितलं की, उमेदवाराने काम केलं नसेल तर समजू शकते, काम काय ते माहीत नसेल तरी समजू शकते, पण माणसाने कुठेतरी थांबायला हवं. शेवटी दोन निर्णय झाले. पहिला लेखी: आदेमार फागुंदेस पदाला पात्र आहे. दुसरा तोंडी: तो मेजाला पात्र नाही.

तोंडी निर्णय लेखी निर्णयाच्या आधी सगळ्या खात्यांत पोचला. विल्मारचा फोन आला.

"हे काय करून बसलास रे?"

"घाबरलो होतो, विल्मार."

"सरकारला फसवलंस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. त्यासाठीच तर पगार देतात. पण चार? आईला काय सांगू मी, कुणाबरोबर खेळत होतो म्हणून?"

त्यानंतर विल्मारने मत्स्य खात्यातला जोडीदार धरला. आदेमार पडद्यावरच्या पत्त्यांच्या मेजाशी बसला की बाकीचे तिघं उठून जात. डोन्या कोकांनी आरामखुर्ची पूर्वीच्या जागी मागे ओढून नेली.

तरी आदेमार आता कायम होता, आणि मिर्ताने घर शोधलंही. दोन खोल्या, एक सज्जा, दोन बस बदलून तासाभरावर. घरमालक भला माणूस होता. सरकारी जामिनाचं पत्र आणा, किल्ली घेऊन जा, म्हणाला. आदेमारने अर्ज केला. मार्च संपत आला तरी पत्र येईना. घरमालक थांबला, मग कुरकुरला, मग म्हणाला की आता एक दंतवैद्य विचारून गेलाय. आदेमारने जामीन कचेरीत फोन केला.

"तुमचं इथलं सगळं झालंय," तिथली बाई म्हणाली. "कधीच पडताळून पुढे पाठवलंय. फेरपडताळणीला गेलंय ते. तिथून येत नाही. ती माणसं करतात काय हो दिवसभर?"

आदेमारने संगणकावर आवक फायलींचा कप्पा उघडला. तो कुठे आहे हे शोधण्यातच सकाळ गेली. कप्पा रिकामा होता. मागच्या वर्षी ज्या दिवशी अवधान बसवलं, त्या दिवसापासून त्यात काहीही आलेलं नव्हतं. त्याने नीबियाला फोन लावला.

"फायली?" नीबिया म्हणाली. "त्या बंद पडून वर्ष झालं. सगळ्यांचे चेहरे दिवसभर वाहून न्यायचे तर फायलींना वाट कुठून मिळणार? एका वेळी एकच काहीतरी जातं संचालनालयाच्या तारेतून."

"मग तू सांगितलं नाहीस कुणाला?"

"बैठकीत सांगितलं. रोज सांगत होते. वीसच्या खाली अवधानांक असला की माइक आपोआप बंद असतो, ते मला वर्गात गेल्यावर कळलं. आता बावीस आहेत मला, त्यावर कंत्राट वाढलं. एक भुवई येते."

"पण मग तू वर्षभर मान खाली घालून काय करत होतीस?"

"ब्राझीलच्या मालिका बघत होते," नीबिया म्हणाली. "आवाज बंद करून. खाली अक्षरं येतात."

त्याने डॉन बाल्तासारना गाठलं. फायलींची वाट पुन्हा मोकळी करावी, त्यात आपलीही एक फाइल अडकली आहे, असं अजिजीने सांगितलं. संचालकांनी ऐकून घेतलं.

"फागुंदेस, फायली आल्या तर माणसं वाचायला लागतील. वाचायला लागली की अवधानांक पडेल. अवधानांक पडला की मंत्री विचारतील, ही माणसं घरी बसून करतात काय. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे?"

आदेमारला मुलाखत आठवली.

"त्यापेक्षा असं करा," संचालक म्हणाले. "तुम्ही नागरिकही आहात. रीतसर तक्रार नोंदवा. तक्रारी वाढल्या की मला काहीतरी हालचाल करावीच लागेल."

दंतवैद्य एक तारखेला राहायला येणार होता. आदेमारने संचालनालयाच्या संकेतस्थळावर नागरिकांच्या तक्रारींचं पान उघडलं. तिथे माहिती दिलेली होती. देशातल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा एखादा कागद कधी ना कधी फेरपडताळणीला येतो. हे पान सर्वांना विनामूल्य आहे. ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, म्हणजे सारा देश पत्त्यांत गुंतलेला असतो तेव्हा, खुलं असतं. खाली भेट देणाऱ्यांची संख्या होती. ती एक होती, आणि तो एक म्हणजे स्वतः आदेमार होता.